नेरपासून प्रयोगशाळा किती लांब?

यवतमाळहून अमरावतीकडे निघालेली एसटी तीसएक किलोमीटरवर नेरला थांबते. परसोपंत हे जोडनाव लावून ‘नेर परसोपंत’ अशी या गावाची ओळख सांगतात. तालुक्याचे ठिकाण असल्याने तहसील आहे, एसटीचे आगार आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, महाविद्यालय आहे, आणि गाव संपले की सगळीकडे कापूस, सोयाबीन, तूर. या भागात बीएस्सी करणाऱ्या मुलीला पाहुणे विचारतात, पुढे काय? उत्तरे ठरलेली असतात. बीएड, डीएमएलटी, औषध कंपनीत एमआर, पोलीस भरती, एमपीएससी. घरची परिस्थिती बरी असेल तर नीटचा आणखी एक प्रयत्न. संशोधन हा शब्द या यादीत येतच नाही. कुणाच्या मनात आला तरी तो पुण्या-मुंबईच्या, इंग्रजीत शिकलेल्या मुलांसाठी आहे असे धरून चालतात.

आणि तरीही, ज्या आजारांवर संशोधन व्हायला हवे ते आजार नेरच्या पंचक्रोशीत ठाण मांडून आहेत. फवारणीची विषबाधा, सर्पदंश, सिकलसेल, गरोदर बायांचे कमी रक्त, क्षय. यातल्या अनेक आजारांवर विदर्भात झालेले काम जगातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहे. म्हणजे प्रश्न इथला, रक्ताचा नमुना इथला, निबंधही इथल्याच माणसांवरचा. नेरचा संशोधक मात्र त्यात शोधून सापडत नाही.

जैववैद्यकीय संशोधनासाठी या देशात पैसा अजिबात नाही, ही तक्रार पूर्ण खरी नाही. पैसा कमी आहे, पण आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, पण आहेत. माझे दुखणे वेगळे आहे. हा पैसा आमच्या भागात येतो तो प्रोजेक्ट होऊन येतो, आणि प्रोजेक्ट संपला की उठून जातो. नमुने दिलेली गावे जागच्या जागी राहतात; नमुने घ्यायला शिकलेली पोरे पुन्हा कामाच्या शोधात निघतात.

*

2017 चा हंगाम यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही. त्या वर्षी जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत फवारणी करताना विष भिनलेल्या शेकडो शेतकरी आणि मजुरांना दवाखान्यात भरती करावे लागले. एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. कापूस माणसाच्या उंचीला पोचला होता, त्यामुळे फवारा खाली जाण्याऐवजी तोंडावर येत होता. उकाड्यात अंगावर धड सदरा ठेवणेही कठीण, तिथे मास्क आणि हातमोजे कोण घालणार? दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवली जात होती. डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणसे बांधावर कोसळत होती. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, बातम्या झाल्या.

या दुर्घटनेच्या पोटात संशोधनाचा एक सरळ प्रश्न होता. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराचे काम बंद पाडतात. रक्तात या विकराची पातळी किती घसरली हे मोजले की विष किती भिनले याचा अंदाज येतो. पण निरोगी माणसांतही ही पातळी कमी-जास्त असते. एखाद्याची मूळ पातळीच ठाऊक नसेल तर ती किती घसरली हे कसे सांगणार? म्हणून फवारणी सुरू होण्याआधी, जूनमध्ये, मजुराचे रक्त एकदा तपासून ठेवावे लागते आणि हंगामात पुन्हा तपासावे लागते. कॅलिफोर्नियात अशी औषधे हाताळणाऱ्या कामगारांची ही तपासणी 1974 पासून नियमाने होते. दुसरी गोष्ट अशी की 2017 मध्ये गाजलेले डायफेन्थियुरॉन हे औषध या गटात बसत नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही. म्हणजे त्याच्यासाठी तपासणीही वेगळी शोधायला हवी.

हा प्रश्न कुणी हाती घ्यायचा? दिल्लीच्या विषतज्ज्ञाला विकराचे रसायनशास्त्र पाठ असेल. पण मजूर सकाळी किती वाजता पंप पाठीवर घेतो, दुपारची भाकर कोणत्या हातांनी खातो, घरी गेल्यावर तो सदरा कोण धुते, आणि दवाखान्यात विचारल्यावर औषधाचे नाव का सांगत नाही, हे नेर तालुक्यातल्या पोराला विचारावे लागत नाही. त्याने ते बापाच्या पाठीवर पाहिलेले असते. साथरोगशास्त्रात ज्याला क्षेत्राची माहिती म्हणतात ती हीच, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. या पोराला रसायनशास्त्र शिकवणे हे त्या तज्ज्ञाला गाव शिकवण्याहून सोपे आहे, असे माझे ठाम मत आहे.

*

सिकलसेलची गोष्ट याहून जुनी आहे. रक्तातला हा आनुवंशिक दोष मध्य भारतात आढळतो याची नोंद 1958 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या दोघांच्या नावाने. तेव्हापासून आजवर विदर्भातल्या आदिवासी, बौद्ध आणि इतर अनेक समाजांतले लाखो नमुने तपासले गेले.

गावात होणारी प्राथमिक चाचणी डोळ्यांनी पाहण्यासारखी असते. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब काचेच्या छोट्या नळीतल्या द्रावणात मिसळतात. पाचएक मिनिटे नळी तशीच ठेवतात. मग नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरतात. द्रावणातून रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. तिथे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर ठरते की माणूस ‘एएस’ आहे, म्हणजे वाहक, की ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. कागद धरणारा हात डीएमएलटी झालेल्या कुणा पोराचा किंवा पोरीचा असतो. खरे कठीण काम त्यानंतरचे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण दोन वाहकांचे लग्न झाले तर दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आईला सांगायचे, तेही आजूबाजूच्या घरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

या आजारावर विदर्भात झालेल्या एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे मुख्य औषध. पाश्चात्त्य देशांत त्याची मात्रा रुग्णाला सोसेल तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. गावातून नागपूरला दर वेळी रोज बुडवून येणाऱ्या बापाला ते परवडत नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी आणि ठरावीक मात्रा, दर किलो वजनामागे रोज 10 मिलिग्रॅम, तीव्र त्रास असलेल्या मुलांवर रीतसर चाचणी करून तपासली. 2012 साली निष्कर्ष छापून आले. या मुलांच्या वेदनांचे झटके कमी झाले, रक्त चढवण्याची गरज कमी झाली. हा प्रश्न सुचायला रुग्णाच्या बापाची मजुरी ठाऊक असावी लागते. इथे संशोधक हवा म्हणतो तो यासाठी.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. त्याआधी, 11 डिसेंबर 2022 रोजी, चंद्रपूरचे हिमोग्लोबिनच्या विकारांवरचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, केंद्र पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच दिवशी नागपूरच्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. जनावरांचे आणि माणसांचे आजार एकत्र अभ्यासण्यासाठीची ही संस्था 110 कोटींहून अधिक खर्चाची आहे. विदर्भाच्या वाट्याला अशा संस्था आजवर फार कमी आल्या. राज्यातल्या मोठ्या संस्थांची नावे घेतली की पुणे आणि मुंबईच समोर येतात: 1952 पासूनची पुण्याची विषाणू संस्था, तिथलीच एड्स संशोधन संस्था, मुंबईची प्रजनन स्वास्थ्य संस्था आणि रक्तविकारांची संस्था, खारघरचे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र. म्हणून चंद्रपूर आणि नागपूर ही नावे नेरच्या मुलांनी पाठ करून ठेवावीत. घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशी ही दारे आहेत.

*

संशोधनासाठी महानगरच लागते हा समज खोडून काढणारी उदाहरणे आपल्याच शेजारी आहेत. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी उभे केले. 2005 मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’ या नियतकालिकात या रुग्णालयावरचा एक निबंध छापून आला. डॉ. मधुकर पै, डॉ. एस. पी. कलंत्री, डॉ. रजनीश जोशी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 726 आरोग्य कर्मचाऱ्यांत क्षयाचा सुप्त संसर्ग किती आहे ते तपासले. जुनी त्वचेवरची चाचणी आणि नवी रक्तावरची चाचणी अशा दोन्ही लावल्या. निम्म्या कर्मचाऱ्यांत निदान एका चाचणीत संसर्ग आढळला. रुग्णांची सेवा करणारी माणसे स्वतः किती धोक्यात असतात हे वर्ध्याजवळच्या एका खेड्यातल्या रुग्णालयाने जगाला आकड्यांत दाखवले.

गडचिरोलीची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिच्या एका बाजूकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीवरचा त्यांचा निबंध जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला; 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही बाधा होती. पुढे घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे हे सारे गावातल्याच, थोड्या शिकलेल्या आरोग्यदूत बायांनी केले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हा निबंध छापून आला आणि पुढे हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली.

मला यात दिसते ते असे. जगाने मान्य केलेल्या त्या प्रयोगातली अचूकता त्या बायांच्या हातात होती. श्वासांची संख्या चुकली असती, वजनाचा काटा नीट वाचला नसता, तर मागाहून कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ बसवला असता तरी निष्कर्ष उभा राहिला नसता. संशोधनाची सुरुवात अशी दारात, खाटेवर, चुलीपाशी होते. ते काम करणाऱ्या माणसाला आपल्या व्यवस्थेत पद नाही, बढती नाही. सर्चने त्या बायांना मान दिला, शिकवले. बाकी देशात हे काम ‘फील्ड स्टाफ’ या दोन शब्दांत संपते.

डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव इथे अनेकांच्या ओठांवर येईल. महाडच्या परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्री जागून नोंदी केल्या, प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापले. ना अनुदान, ना प्रयोगशाळा. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण त्यांच्या गोष्टीचा उपयोग पुढच्या पिढीला ‘पैशाशिवायही होते बघ’ असे सांगण्यासाठी व्हायला लागला की मी अस्वस्थ होतो. पदरमोड करून विज्ञान करणारा एखादाच निघतो. शंभर जण हवे असतील तर त्यांना पगार द्यावा लागेल.

*

आता पैशाचे बोलू, कारण घरचे तेच विचारतात आणि ते विचारणे रास्त आहे.

पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षे बापाच्या पैशावर शिकणे, हा नेरसारख्या ठिकाणचा सर्वांत घट्ट गैरसमज. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा जीवशास्त्र विषयात जेआरएफसह, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह, उत्तीर्ण झाली, किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी परीक्षा निघाली, तर संशोधक विद्यार्थ्याला दरमहा 37,000 रुपये मिळतात, वर शहराप्रमाणे घरभाडे. दोन वर्षांनी ते 42,000 होतात. हे दर जानेवारी 2023 पासूनचे आहेत. त्याआधी 31,000 होते, आणि ते 31,000 सुद्धा देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून मिळवले होते. तालुक्यातल्या विनाअनुदानित शाळेत बीएड झालेला शिक्षक किती रुपयांवर राबतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचा अर्थ समजेल. पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला 58,000 पासून 67,000 पर्यंत मिळतात.

हे पैसे वेळेवर येतात का? नेहमी नाही. विद्यावेतन महिनोन्महिने अडकल्याच्या तक्रारी देशभरातून सतत येत असतात. जून 2024 मध्ये सीएसआयआर नेट ऐन वेळी पुढे ढकलली गेली. आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या समाजांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. नेटच्या चाळणीत अडकलेल्या ग्रामीण मुलांसाठी हा मोठा आधार. पण किती जणांना द्यायची, परीक्षा घ्यायची की नाही, यावरून विद्यार्थ्यांना आझाद मैदानात उपोषणाला बसावे लागले. 24 डिसेंबर 2023 ला झालेल्या चाळणी परीक्षेची प्रश्नपत्रिका जुन्याच परीक्षेची निघाली आणि परीक्षा पुन्हा घेण्याची वेळ आली. गडचिरोली किंवा नेरहून रात्रभर प्रवास करून केंद्रावर पोचलेल्या मुलाची अशी फरफट करणे हे मला अक्षम्य वाटते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी पीएचडीचे नाव काढले आहे, त्याच्यासाठी एक वाया गेलेले वर्ष म्हणजे बहुधा कायमचा निरोप असतो.

वरच्या पायरीवर परिस्थिती जरा बरी आहे. 2008 मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून ‘इंडिया अलायन्स’ सुरू केली. पीएचडी किंवा एमडी झालेल्यांना स्वतःचा गट उभारायला ती मोठी फेलोशिप देते. 1 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मान्यता दिली. एकूण 1,500 कोटी, त्यातले 1,000 कोटी सरकारचे आणि 500 कोटी वेलकमचे. मोठ्या शहरांबाहेरच्या संस्थांपर्यंत पोचण्याचा आणि स्त्रियांना अधिक वाटा देण्याचा हेतू त्यात जाहीरपणे नमूद आहे. हेतूवर मी शंका घेत नाही. पण मोठ्या शहराबाहेर म्हणजे नागपूर की यवतमाळ? यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक सकाळी ओपीडी, दुपारी तास, रात्री कॉल असे करून शंभर पानांचा प्रस्ताव कधी लिहिणार? त्याच्यापाशी प्रस्तावाचा हिशेब मांडणारा, नैतिकता समितीची कागदपत्रे लावणारा एक माणूस बसवला तरी चित्र बदलेल. अनुदानात यंत्रासाठी तरतूद असते, या माणसासाठी क्वचितच.

देश एकूण किती खर्च करतो? संशोधन आणि विकासावरचा आपला खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के आहे, आणि तो सगळ्या क्षेत्रांवरचा मिळून आहे. 2023 च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ उभे राहिले. पाच वर्षांत 50,000 कोटी असा त्याचा आकडा सांगितला गेला, पण त्यातला मोठा हिस्सा खासगी क्षेत्राकडून येणे अपेक्षित आहे. राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि तालुक्यांच्या महाविद्यालयांपर्यंत पैसा पोचवणे हे त्याचे एक ठरलेले काम आहे. ते झाले पाहिजे म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत प्रश्न विचारायला हवेत. रस्त्याच्या कामाचा निधी कुठे अडला हे ते विचारतात. मग संशोधनाच्या निधीने काय पाप केले आहे?

*

नेरच्या मुलांना सर्वांत आधी भेटणारी नोकरी मात्र या कशातच बसत नाही. तिचे नाव ‘प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट’. आयसीएमआरच्या प्रकल्पांत या पदाच्या तीन पायऱ्या आहेत: दहावीनंतर डिप्लोमा आणि थोडा अनुभव असेल तर 18,000, बारावी विज्ञान, डिप्लोमा आणि जास्त अनुभवावर 20,000, पदवीधराला अनुभवासह 28,000, वर घरभाडे. त्यावरचा प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट 56,000 पासून सुरू होतो. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, मुलाखत थेट असते, आणि खाली एक ओळ छापलेली असते की हे पद पूर्णतः तात्पुरते असून नियमित नोकरीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही.

ही नोकरी वाईट नाही. संमतीपत्र समजावून सांगणे, नमुना थंड साखळीत राखून वेळेत पोचवणे, नोंद टॅबमध्ये बिनचूक भरणे, एकाच घरी सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन तीच बाई शोधून काढणे ही कौशल्ये दोन वर्षांत अंगवळणी पडतात. पण तिसऱ्या वर्षी अनुदान संपते. यवतमाळची कोरडवाहू शेती जशी एका पावसाच्या भरवशावर असते तसे हे आयुष्य. शिकलेला हात मग औषधांच्या दुकानात बसतो किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनीत जातो. पुढचा प्रकल्प येतो, नव्या पोरांना पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. एवढा खर्च करून घडवलेले कौशल्य दर तीन वर्षांनी फेकून देणारी ही पद्धत बंद झाली पाहिजे. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ-दहा क्षेत्र-संशोधकांची कायम पदे असावीत आणि येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने त्यांच्या पगाराचा वाटा उचलावा, एवढी साधी ही मागणी आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांची योजना आखली आहे; पालघर जिल्ह्यात डहाणूला असे केंद्र आहे आणि तिथे सर्पदंशावर चांगले काम झाले. पश्चिम विदर्भाला असे केंद्र का नको?

परदेशी पैशाच्या भरवशावर राहून चालणार नाही, हे गेल्या काही काळात स्पष्ट झाले. नागपूरचे लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय ही दोन केंद्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, माता-बाल आरोग्य संशोधनाच्या जाळ्यात वर्षानुवर्षे आहेत. पहिलटकरणीला गरोदरपणात कमी मात्रेत ॲस्पिरिन दिल्यास अकाली प्रसूती घटते, हे सहा देशांतल्या जवळपास 12,000 स्त्रियांवरच्या ज्या चाचणीने 2020 मध्ये दाखवले, तिच्यात या दोन्ही ठिकाणच्या खेड्यांतल्या स्त्रिया होत्या. अकाली प्रसूतीचे प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आले. फरक लहान दिसतो, पण गोळी काही पैशांची आहे. मे 2025 मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली. वॉशिंग्टनमधला एक निर्णय, आणि त्याची धग विदर्भातल्या गावात घरोघर फिरणाऱ्या एखाद्या बाईच्या महिन्याच्या पगाराला लागू शकते. आपल्या बायांच्या बाळंतपणाचे संशोधन आपल्या पैशाने व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

*

मग आज, सगळे सुधारण्याची वाट न पाहता, नेरच्या बीएस्सीच्या वर्गातल्या मुलाने काय करावे?

बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान निवडलेल्या मुलांसाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000 रुपयांची. मेडिकलला गेलेल्या मुलांसाठी आयसीएमआरची एसटीएस योजना 1979 पासून चालू आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, आणि अहवाल मंजूर झाला की 50,000 रुपये. यवतमाळला शिकणाऱ्या नेरच्या मुलीने फवारणीच्या हंगामातला प्रश्न याच योजनेत मांडून पाहावा. एमएस्सीसाठी जीएटी-बी ही परीक्षा आहे. तिच्यातून पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी विद्यावेतनासह जैवतंत्रज्ञान शिकता येते.

महाविद्यालयात 2006 पासून ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते. अमरावती विद्यापीठाच्या फेरीपर्यंत तालुक्यांतली मुले हिरिरीने पोस्टर घेऊन जातात. त्यातली काही पोस्टरे खरोखर चांगली असतात: विहिरीच्या पाण्यातले फ्लोराइड, शेतमजुरांच्या हातांवरची कातडी, रानभाज्यांतले लोह. स्पर्धा झाली की पोस्टर गुंडाळून विभागाच्या कपाटात जाते. त्याऐवजी त्याच विषयावर दोन पानांचा प्रस्ताव लिहून यवतमाळच्या किंवा सेवाग्रामच्या समाजवैद्यक विभागाकडे न्यावा. तिथली माणसे दार लावून घेतील असे मला वाटत नाही. त्यांना गावात शिरण्यासाठी गावचा माणूस हवाच असतो.

आणि एक काम ठरावीक दिवसांतले आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांच्या जोडीने उन्हाळी संशोधन फेलोशिप देते. बीएस्सी, एमएस्सीची मुले आणि महाविद्यालयातले शिक्षक दोघांनाही तिच्यात अर्ज करता येतो. निवड झाली की दोन महिने देशातल्या एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचा खर्च. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास, नोव्हेंबरअखेरपर्यंत भरायचे असतात. अर्जासोबत त्या दोन महिन्यांत काय करायचे आहे याचे टिपण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. टिपण मुलाने स्वतः लिहावे, इंग्रजी मोडके असले तरी चालेल, प्रश्न त्याच्या गावचा असावा. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनी त्यात ‘हुशार आणि मेहनती’ एवढेच लिहून थांबू नये. या मुलाने प्रात्यक्षिकात काय केले, कोणता प्रश्न विचारला, त्याला कशाचे कुतूहल आहे, हे चार ओळींत नेमके लिहावे. निवड समितीत बसलेल्या माणसाने नेरचे नाव ऐकलेले नसते. त्याच्यापुढे त्या मुलाची ओळख म्हणून त्या चारच ओळी असतात.